अगत्ती ते पोर्ट ब्लेअर : नकाशावर तीन तास

लक्षद्वीपचं अगत्ती आणि अंदमानचं पोर्ट ब्लेअर जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. एक 11 अंशांच्या जरा खाली, दुसरं जरा वर. रेखांशांतला फरक साडेवीस अंशांचा. या पट्ट्यात एक अंश म्हणजे सुमारे 109 किलोमीटर, म्हणजे हवाई अंतर 2,240 किलोमीटरच्या आसपास. ताशी 800 किलोमीटरने भागलं, की उत्तर तीन तासांच्या आत.

बोरिवलीच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी हेच गणित मांडून दोन्ही बेटं एका सहलीत बसवली. थेट विमान नाही, म्हणून कोची आणि चेन्नई मार्गे तीन सुटी तिकिटं काढली. अगत्तीचं विमान उशिरा सुटलं. कोचीला नवरा-बायको बॅगांची वाट बघत पट्ट्यापाशी ताटकळले, तोवर वर चेन्नईच्या विमानाचा काउंटर बंद! चेन्नईचं तिकीट गेलं, पाठोपाठ पोर्ट ब्लेअरचं, मग अंदमानातल्याच हॅवलॉक बेटाच्या बोटीचंही.

गंमत अशी, की या वळशाने अंतर फारसं वाढतच नाही. अगत्ती-कोची 460, कोची-चेन्नई 520, चेन्नई-पोर्ट ब्लेअर 1,370. बेरीज 2,350 किलोमीटर. हवेतला वेळ पाचेक तास. बाकीचा दिवस खातात ते सांधे.

अगत्तीची धावपट्टी जेमतेम सव्वा किलोमीटरची. तिथे मोठी जेट उतरत नाहीत. एटीआरसारखी छोटी पंख्याची विमानं येतात, ताशी पाचशेच्या आसपास वेगाची. फेऱ्या मोजक्या आणि सामानावर बंधनं, त्यामुळे बॅगेचं वजन आधी विचारून घ्यावं. पावसाळ्यात वेळापत्रकावर विसंबू नये. पोर्ट ब्लेअरची धावपट्टी लांब आहे, पण ती नौदलाच्या ‘आयएनएस उत्क्रोश’ तळाबरोबर वाटून घेतलेली.

घड्याळ दोन्हीकडे एकच, सूर्य मात्र अंदमानात सुमारे 82 मिनिटं आधी मावळतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास अंधारतं. दुपारी उशिरा उतरणाऱ्याने त्या दिवशी फिरण्याचा बेत आखू नये.

सुट्या तिकिटांत पहिल्या विमानाच्या उशिरामुळे पुढचं चुकलं, तर पुढची कंपनी जबाबदारी घेत नाही. शिवाय बॅग दर ठिकाणी उचलून पुन्हा द्यावी लागते. निदान कोची ते पोर्ट ब्लेअर एकाच पीएनआरवर घ्यावं. हवामानामुळे विमान रद्द झालं, तर पैसे परत किंवा दुसरं विमान मिळतं; नुकसानभरपाई मात्र मिळत नाही.

क्रम असा ठेवावा : आधी लक्षद्वीपचा प्रवेश परवाना, मग अगत्तीचं तिकीट, त्यानंतर बाकीचं. अगत्तीहून परतताना कोचीत एक रात्र मोकळी राखावी आणि हॅवलॉकची बोट पोर्ट ब्लेअरला पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवसाची घ्यावी.