वेबपान कोठे घडते?

दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी आमच्या संगणक कक्षात एकच गर्दी होते. विद्यार्थी आपला बैठक क्रमांक आणि आईचे नाव भरतो व क्षणार्धात त्याचे गुण पडद्यावर उमटतात. शेजारच्या संगणकावर बसलेल्या मुलीने तोच पत्ता उघडलेला असतो. तिला मात्र तिचे गुण दिसतात. एका वर्षी एका पालकांनी आम्हांस विचारले, "सर, बोर्डाने एवढ्या लाखो मुलांची पाने आधीच लिहून ठेवलेली असतात का?" प्रश्न साधा होता, पण तो संगणकशास्त्राच्या एका महत्त्वाच्या प्रकरणाच्या दारात आपणांस नेऊन उभा करतो. अशी पाने सहसा आधी लिहिलेली नसतात. मागणी येताच ती घडवली जातात. कोठे, कशी आणि कोणाच्या हातून, हे या लेखात सांगावयाचे आहे. त्यातच आमच्याकडून झालेल्या एका चुकीचीही हकीकत येईल. कारण ती चूक सांगितल्याशिवाय हा विषय पालकांच्या दृष्टीने अपुरा राहील.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हानजीकच्या सर्न या संस्थेत वेबची कल्पना मांडली. सुरुवातीची पाने छापील पुस्तकासारखी होती : जे लिहिले तेच प्रत्येकाला दिसे. पुढे १९९३ च्या सुमारास स्वतंत्र आज्ञावलीकडून पान तयार करून घेण्याची पद्धत रूढ झाली. परंतु तीत संपूर्ण पान आज्ञावलीच्या पोटात लिहावे लागे. एखादे शीर्षक बदलायचे तरी आज्ञावली उघडून बसावे लागे. यावर उलटा विचार पुढे आला. पान हे पानच राहू द्यावे आणि जेथे मजकूर बदलणार आहे तेवढ्याच जागी कोड पेरावा.

या विचाराची सर्वांत परिचित भाषा म्हणजे पीएचपी. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये, आपला परिचय देणारे वेबपान कोण पाहते हे कळावे म्हणून काही छोट्या आज्ञावल्या लिहिल्या आणि जून १९९५ मध्ये त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. पुढे झीव सुरास्की व अँडी गुटमन्स या दोन इस्रायली तरुणांनी तिचा गाभा नव्याने लिहिला आणि १९९८ मध्ये तिसरी आवृत्ती आली. दरम्यान मायक्रोसॉफ्टची एएसपी, नंतर जावाची जेएसपी अशा याच जातीच्या इतर पद्धतीही आल्या. आज विकिपीडिया ज्या आज्ञावलीवर चालतो ती आणि असंख्य शाळा-संस्थांची संकेतस्थळे ज्यावर उभी आहेत ते वर्डप्रेस, दोन्ही पीएचपीत लिहिलेली आहेत. घरगुती गरजेतून निघालेले साधन एवढे पसरावे याचे आम्हांस आजही नवल वाटते.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहू. वर्गात आम्ही बोनाफाईड दाखल्याचे उदाहरण देतो. दाखल्याचा छापील नमुना कार्यालयात असतो. त्यात रिकाम्या जागा असतात. समजा, प्रत्येक रिकाम्या जागी कोणी पेन्सिलीने बारीक सूचना लिहून ठेवली आहे : 'येथे जनरल रजिस्टरमधून नाव लिहावे', 'येथे इयत्ता लिहावी', 'मुलगी असल्यास ही, मुलगा असल्यास हा'. पालक खिडकीशी येऊन मुलाचा क्रमांक सांगतात. लिपिक महाशय नमुन्याची एक प्रत घेतात, सूचनेप्रमाणे रजिस्टर उघडून जागा भरतात, पेन्सिलीची अक्षरे खोडतात आणि दाखला खिडकीतून बाहेर देतात. पालकांच्या हाती पडतो तो पूर्ण दाखला. सूचना त्यांना दिसत नाहीत आणि रजिस्टर तर खिडकीच्या आतच राहते.

येथे खिडकीबाहेरचे पालक म्हणजे आपल्या मोबाइलमधील ब्राउझर. लिपिक म्हणजे सर्व्हरवरील पीएचपीचा अर्थबोधक. जनरल रजिस्टर म्हणजे डेटाबेस. पेन्सिलीची सूचना कोठे सुरू होते हे यंत्राला कळावे म्हणून खूण ठरलेली आहे : गणितातील 'पेक्षा लहान'चे चिन्ह, त्याला लागून प्रश्नचिन्ह आणि पीएचपी ही तीन अक्षरे. सूचना संपली की प्रश्नचिन्ह आणि 'पेक्षा मोठे'चे चिन्ह. या दोन खुणांबाहेरचा मजकूर अर्थबोधक जसाच्या तसा पुढे पाठवतो. खुणांमधील कोड तो चालवतो आणि त्या जागी फक्त त्याचे फलित ठेवतो. एकाच पानात अशा खुणा कितीही वेळा येऊ शकतात. यादी छापायची असेल तर एका ओळीचाच नमुना लिहून तो नोंदी संपेपर्यंत पुन्हा पुन्हा वापरण्याची आज्ञा देता येते.

हा कोड 'तेथे' चालतो, 'येथे' नव्हे, ही गोष्ट पाठ होते पण सहजासहजी उमजत नाही. आमच्या विद्यार्थ्यांना ती एका गमतीदार प्रसंगातून उमजली. वसतिगृहाच्या पानावर आजचा वार आणि भोजनालयातील आजचे जेवण दिसावे, असा छोटा कोड त्यांनी लिहिला होता. पहाटे वंदनेपूर्वी उठणाऱ्या एका मुलाच्या लक्षात आले की पानावर अजून कालचाच वार आहे. साडेपाच वाजले आणि वार बदलला! मुलांनी संगणकाचे घड्याळ तपासले, मोबाइल तपासला. सर्व ठीक होते. चूक तेथे नव्हतीच. सर्व्हर आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेवर चालत होता आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. भारतीय वेळ वापरण्याची एक ओळ कोडमध्ये घालताच दोष गेला. खिडकीच्या आत टांगलेले घड्याळ वेगळे असू शकते, हे मग कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

वर्गात हा भाग शिकवताना आम्हांस मिलिंदपञ्होमधील रथाची आठवण होते. औरंगाबादच्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी ज्याचे नाव दिले त्या मिलिंद राजाला भदंत नागसेन विचारतात की रथ म्हणजे नेमके काय : चाके, आस की जू? यांपैकी एकही एकटे रथ नव्हे. ते एकत्र आले म्हणजे 'रथ' हे नाव वापरले जाते. निकालाचे ते पानही असेच. नमुना, नोंद, कोड आणि मागणी एकत्र आली की ते दिसते आणि खिडकी बंद केली की तसे पान कोठेही ठेवलेले नसते. अर्थात साम्य फार ताणू नये; नागसेनांचा विषय 'मी' हा होता आणि आमचा विषय प्रवेशयादी आहे.

प्रवेशयादीचीच ती चूक. काही वर्षांपूर्वी वसतिगृहात निवड झालेल्या मुलामुलींची यादी संकेतस्थळावर देण्याचे काम संस्थेने आमच्या विभागाकडे सोपवले. गावाकडून केवळ यादी पाहण्यासाठी एस.टी.ने येणाऱ्या पालकांचा एक दिवस आणि भाडे वाचावे हा हेतू होता. आमच्या नोंदींत नाव, तालुका, जातीचा प्रवर्ग, पालकांचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि दूरध्वनी असे रकाने होते. यादीत फक्त क्रमांक, नाव आणि तालुका दाखवायचे ठरले. आम्ही सर्व रकाने डेटाबेसमधून काढले, पानात छापले आणि नको असलेले रकाने सजावटीच्या आज्ञेने अदृश्य केले. पडद्यावर यादी सुबक दिसत होती. त्या सुबकपणावर आम्ही समाधानी होतो.

तिसऱ्या दिवशी नववीतील एका विद्यार्थिनीने आम्हांस बाजूला बोलावले. आम्हीच तिला शिकवले होते की कंट्रोल आणि यू या कळा एकत्र दाबल्या म्हणजे ब्राउझरला मिळालेले मूळ पान दिसते. तिने ते करून पाहिले होते. त्यात प्रत्येक नावापुढे प्रवर्ग होता, वडिलांची मजुरी होती, उत्पन्नाचा आकडा होता. त्यात तिच्या धाकट्या भावाचेही नाव होते. "सर, हे सगळ्यांना दिसतंय का?" एवढेच तिने विचारले.

दिसत होते. पडद्यावर न दिसणे आणि न पाठवणे यांतला फरक आम्ही फळ्यावर अनेकदा लिहिला होता आणि स्वतः मात्र विसरलो होतो. सजावटीने लपवलेला मजकूर खिडकीतून बाहेर गेलेलाच असतो. लिपिकाने रजिस्टरच पालकांच्या हाती द्यावे आणि 'शेवटचे चार रकाने पाहू नका' म्हणावे, तसा तो प्रकार. ज्या शाळेच्या हजेरीपटावर जातीचा शिक्का मुलाच्या पुढ्यात येऊ नये म्हणून आमच्या आधीच्या शिक्षकांनी जपले, त्याच शाळेची यादी तो शिक्का जगाला दाखवत होती. पान आम्ही त्याच तासाला उतरवले.

दुरुस्ती कोडमध्ये लहान होती. सर्व्हरवरील आज्ञेत सगळ्या रकान्यांऐवजी तीनच रकाने मागायचे. जे डेटाबेसमधून काढलेच नाही ते पानात येणार नाही आणि जे पानात नाही ते कोणत्याही कळा दाबून दिसणार नाही. परंतु या निमित्ताने आम्ही सर्वच पाने तपासली आणि आणखी काही गोष्टी हाती लागल्या. प्रवेशअर्जाच्या पानावर पत्त्याच्या शेवटी अर्जक्रमांक येत असे. तो हाताने बदलला की दुसऱ्याचा अर्ज उघडत होता. क्रमांक विचारणारा आणि अर्जाचा मालक एकच आहे का, हे सर्व्हरने प्रत्येक मागणीच्या वेळी तपासणे आवश्यक होते. ते आम्ही केले नव्हते.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. बाहेरून आलेला मजकूर कधी कोड होऊन बसेल, सांगता येत नाही. डिसोझा हे आडनाव इंग्रजीत लिहिताना त्यात एक उलटे स्वल्पविरामचिन्ह येते. डेटाबेसला दिल्या जाणाऱ्या आज्ञेत तेच चिन्ह मजकुराची सीमा दाखवते. नाव जसेच्या तसे आज्ञेत जोडले तर आज्ञा मध्येच तुटते. आणि दुष्ट हेतूचा मनुष्य त्या तुटलेल्या जागी स्वतःची आज्ञा घुसवू शकतो. यावर उपाय असा की आज्ञेचा साचा आधी डेटाबेसकडे पाठवावा आणि मूल्ये वेगळी द्यावीत, म्हणजे मूल्याला आज्ञा होता येत नाही. तसेच एखाद्याने नावाच्या चौकटीत 'पेक्षा लहान'चे चिन्ह टाकून ब्राउझरसाठी कोड लिहिला, तर तो पुढे यादी पाहणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये चालेल. म्हणून पानात छापण्यापूर्वी अशी चिन्हे निरुपद्रवी रूपात बदलून घ्यावी लागतात. पीएचपीत त्यासाठी तयार सोय आहे; ती वापरण्याची आठवण मात्र लिहिणाऱ्याने ठेवायची असते. डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइलही आम्ही लोकांसाठी खुल्या असलेल्या फोल्डरबाहेर हलवली. सर्व्हरची मांडणी बिघडून अर्थबोधक बंद पडला तर पेन्सिलीच्या सूचना न खोडताच दाखला बाहेर जातो, हे तेव्हा आम्ही गांभीर्याने घेतले.

त्यापुढील काम कोडचे नव्हते. पान तीन दिवस खुले होते. शोधयंत्राने त्याची प्रत घेतली होती. ती काढून टाकण्याची विनंती करावी लागली आणि ती नाहीशी झाली की नाही हे आम्ही रोज पाहत राहिलो. कोणी ते पान उतरवून ठेवले असेल तर ते परत घेण्याचा मार्ग आमच्याकडे नव्हता. यादीतील प्रत्येक घरी आम्ही टपालाने पत्र पाठवले : काय घडले, कोणते रकाने उघडे पडले, किती दिवस. ज्यांना वाचता येत नव्हते अशा काही पालकांना सुट्टीत घरी जाणाऱ्या मुलांनी ते वाचून दाखवले. बहुतेकांनी उत्तर दिले नाही. दोघांनी रागाने लिहिले आणि त्यांचा राग योग्य होता. एका मातेने नातेवाइकाकडून लिहवून घेतले की उत्पन्नाचे काही नाही, ते गावाला ठाऊकच आहे. पण आमचा दूरध्वनी तेवढा काढा.

नव्या सत्रापासून यादीच्या डेटाबेसमध्ये उत्पन्न आणि प्रवर्ग हे रकाने ठेवलेलेच नाहीत. ते कार्यालयातील कपाटात, कागदावर आहेत.