तंबूआधी तिथी

कोलकात्यातल्या खिदिरपूरहून डायमंड हार्बर रोड धरला की डायमंड हार्बर, काकद्वीप, नामखाना करत गाडी थेट बक्खालीच्या समुद्राला लागते. साधारण सव्वाशे किलोमीटर. २०१९ मध्ये नामखान्याला हातानिया-दोआनिया नदीवर पूल झाला आणि गाडी बार्जवर चढवायची कटकट संपली. तेव्हापासून हिवाळ्यातला एखादा शनिवार-रविवार आम्ही सहकुटुंब तंबूत काढतो. त्यातून उमगलेलं थोडंफार असं:

१. सुट्टी टाकण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय बघा. अष्टमी ते दशमीच्या आसपासचा शनिवार उत्तम, कारण तेव्हा भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती असते. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण पुढचे एक-दोन दिवस चढतच असतं. भरतीची वेळ काढायला मात्र तिथीला तीनने गुणून चारने भागायचा आपला कोकणी हिशेब इथे वापरू नका. सागर बेटापाशी भरती एका वेळी, डायमंड हार्बरला नंतर आणि आमच्या खिदिरपूरच्या गोदीपाशी त्याहूनही काही तासांनी. सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टकं छापलेली असतात, त्यात सागरची वेळ पाहा. शनिवारच्या वेळेत पन्नासेक मिनिटं मिळवली की रविवारची आली.

२. वाळूवर शिंपले, सुरूच्या काड्या, प्लास्टिक यांची एक वाकडी रेघ पडलेली असते. कालचं पाणी तिथवर आलं होतं. पण अष्टमी उलटून पौर्णिमेकडे चाललात, तर उद्याचं पाणी ती रेघ ओलांडणार. तंबू रेघेच्या वर नव्हे, सुरूच्या झाडांपाशी लावा. मुलांना पुळणीवर खेळायला दिवसभर मोकळीक आहेच.

३. तंबूसोबत येणाऱ्या लोखंडी मेखा भुसभुशीत वाळूत धरत नाहीत. रिकाम्या पिशव्या वाळूने भरा, गळ्याशी दोरी बांधा आणि हातभर खोल पुरा. ती दोरी मोठ्या माणसाने ओढली तरी हलत नाही. हिवाळी वारा उत्तरेचा, म्हणून दार दक्षिणेला. रात्री दव इतकं पडतं की वरचं कापड पिळून काढावं लागतं. पांघरुणं तंबूच्या भिंतीला टेकू देऊ नका.

४. ओहोटीला पाणी खूप लांब जातं आणि मुलं त्याच्या मागे. हेन्‍री आयलंडला लाल खेकडे असल्यावर तर विचारूच नका. परतायची वेळ आधी ठरवा, कारण मधले ओहोळ पाठीमागून भरतात.

५. मौसुनी बेटावर तयार तंबू मिळतात, पण तिथे नावेने जायचं असतं आणि ओहोटीला घाटावर चिखल. आजी-आजोबा सोबत असतील तर बक्खालीच बरी.

६. संक्रांतीचा आठवडा टाळा. गंगासागरच्या यात्रेची सगळी गर्दी काकद्वीपपर्यंत याच रस्त्यावर असते.

७. पहिल्या रात्री चूल नको. दशम्या, लसणाची चटणी, गुळांबा. पिण्याचं पाणी घरून न्या.

८. नोव्हेंबरचं निरभ्र आकाश फसवं असतं. ‘बुलबुल’ वादळ ९ नोव्हेंबर २०१९ ला याच किनाऱ्यावर आलं. २६ मे २०२१ ला तर ‘यास’ वादळ आणि पौर्णिमेचं उधाण यांची एकाच दिवशी गाठ पडली, आणि मौसुनीवर पाणी शिरून किनाऱ्यावरच्या तंबूंची धूळधाण झाली. हवामान खात्याने उपसागरात कमी दाबाचा पट्टा सांगितला, की बेत सरळ रद्द करा. आगाऊ भरलेले पैसे बुडाले तर बुडू द्या.