तान्ह्या बाळाच्या दुधाची राखण
(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांवर लिहितो. या वेळचा विषय वेगळा, पण बांधावरचाच आहे. माळशेज घाटाखालून, मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवरून कुटुंबे घाटावर शेतकामाला येतात. आपल्यापैकी काहींच्या सोयरिकीही तिकडे आहेत. आई कामावर, बाळ आजीजवळ, आणि उशाशी सकाळी भरलेली दुधाची बाटली. तीच दुपारपर्यंत. अशा बाटलीने हगवण लागते, आणि तान्ह्या जिवाच्या अंगातले पाणी जायला वेळ लागत नाही.

तोडलेला ऊस 24 तासांच्या आत गव्हाणीत पडावा, असा आमचा धोशा का असतो? तोड झाली की रसात जंतू वाढतात, साखर घटते. दुधाचेही तेच, फक्त मुदत फार थोडी.

पहिले सहा महिने आईचेच दूध. वर पाणीसुद्धा नको. आईला कामावर जायचे असेल तर हात साबणाने धुऊन, उकळून घेतलेल्या झाकणाच्या भांड्यात दूध काढून ठेवावे. 25 अंशांपर्यंतच्या खोलीत ते चार तास चालते. फ्रीजमध्ये चार दिवस, पण दाराच्या कप्प्यात नव्हे, आत. आता वैशाखात शहापूरकडच्या पत्र्याच्या घरात 25 अंश कुठले? तिथे चार तासांचा हिशेब धरू नये, लवकर पाजून मोकळे व्हावे. कोणी म्हणेल, माठात ठेवू. माठ गार होतो तो झिरपलेल्या पाण्याची वाफ होते म्हणून. घाटावरच्या कोरड्या हवेत ती चांगली होते, खालच्या दमट हवेत तितकी होत नाही. माठावर भिस्त ठेवू नका.

आईचे दूध मिळण्यासारखेच नसेल, तर डॉक्टरांना विचारून पावडरचे दूध द्यावे लागते. डब्यातली पावडर निर्जंतुक नसते, हे पुष्कळांना ठाऊक नाही. म्हणून पाणी उकळावे आणि अर्ध्या तासाच्या आत, ते 70 अंशांखाली उतरण्यापूर्वी, पावडर मिसळावी. मग भांडे गार पाण्यात धरून कोमट करावे. माप डब्यावर लिहिलेले असते तेच. डबा पुरवायचा म्हणून दूध पातळ करणे म्हणजे बाळाला उपाशी ठेवणे. केलेले दूध दोन तासांत संपवावे. बाळाने तोंड लावून उरलेले पावडरचे दूध तासाभरानंतर ओतून द्यावे. डबा महाग असतो, जिवावर येते, कळते. तरी ओतावे.

थर्मासचे मुद्दाम सांगतो. कोमट दूध थर्मासात भरून शेतावर नेणारे पुष्कळ आहेत. अहो, दही लावताना आपण दूध कोमट करून उबेला ठेवतो, ते कशासाठी? जंतू वाढावेत म्हणूनच ना! थर्मासात न्यायचे ते उकळते पाणी. पावडर कोरड्या डबीत वेगळी न्यावी, पाणी चांगले कढत असेपर्यंतच वापरावे आणि दर वेळी ताजे दूध करावे.

फ्रीजमधले दूध कोमट करायला भांडे गरम पाण्यात धरावे, 15 मिनिटांपेक्षा जास्त नाही. थेट चुलीवर नको, मायक्रोवेव्हमध्येही नको. एकीकडे गार आणि एकीकडे कढत राहते, बाळाचे तोंड पोळते. भांडे हलवून थेंब मनगटावर टाकून पाहावा. एकदा कोमट केलेले पुन्हा फ्रीजमध्ये ठेवू नये.

बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा. बुचाच्या खाचेत साय अडकते, ती घासून निघत नाही. बाटल्यांची आणि बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात 1992 च्या कायद्याने बंद आहे, ती उगीच नाही. कसारा-आसनगावच्या लोहमार्गावरच पुढे मुंबईत शीव लागते. तिथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 साली आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. अशा पेढीत मातांनी दिलेले दूध 62.5 अंशांवर 30 मिनिटे तापवून उणे 20 अंशांत ठेवतात. तिथे एवढी राखण करतात, तर झोपडीतल्या बाटलीचे काय होत असेल ते पाहा.

आणि सभासदांनो, या सगळ्यापेक्षा सोपा उपाय तुमच्या हातात आहे. शेतावर सावलीला झोळी बांधू द्या, आणि आईला दर दोन-तीन तासांनी बाळाला पाजायला जाऊ द्या. त्या वेळेची मजुरी कापू नका. बाळाला हगवण लागलीच तर अंगावरचे दूध चालू ठेवावे, आशाताईकडून क्षारसंजीवनीची पुडी घ्यावी. बाळ मलूल झाले, दूध ओढेना, लघवी कमी झाली किंवा शौचात रक्त दिसले, तर संध्याकाळची वाट न पाहता आपली गाडी काढून प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचवावे.