खाड्यानंतरचा दिवस

व्यायाम सुरू करा, असं सांगणारे घरोघरी भेटतात. बंद पडलेला व्यायाम पुन्हा कसा धरायचा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते कळेपर्यंत बराच काळ गेला आणि तोवर रक्तातली साखर वाढत राहिली. नोकरी आणि घर दोन्ही सांभाळणाऱ्या, पन्नाशीच्या आगेमागे असलेल्या बायकांसाठी हे लिहिते आहे. पुरुषांनीही वाचावं, कारण खाण्यापिण्याच्या सवयी कधी एकट्या माणसाच्या नसतात, त्या सगळ्या घराच्या असतात.

मी पुण्यात सहकारनगरला राहते, बँकेत नोकरी करते. हातपाय बारीक, पोट मात्र सुटलेलं. असं अंग आपल्याकडे पुष्कळांचं असतं आणि ‘तू कुठे जाड आहेस?’ या वाक्यावर ते निभावून जातं. कार्यालयातर्फे झालेल्या तपासणीत माझं एचबीए1सी सहाच्या पुढे निघालं. ही चाचणी मागच्या साधारण तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, 6.5 पासून पुढे मधुमेह.

बारीक माणसाला साखर कशी, हा प्रश्न मलाही पडला. त्याचं उत्तर पुण्यातच मिळालं. इथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचाही 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के होती, याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. वजनाचा काटा एक सांगतो आणि शरीर दुसरंच. म्हणून आपल्या लोकांनी काट्याइतकंच लक्ष टेपकडे द्यावं. कंबरेचा घेर बाईचा 80 सेंटिमीटर आणि पुरुषाचा 90 सेंटिमीटरच्या आत असावा.

एका जिममध्ये तीन महिन्यांचा कार्यक्रम मिळाला. रोज सकाळी तासभर व्यायाम. भाकरी, पोळी, भात पूर्ण बंद. रात्री नुसतं सूप. सांगितलेलं सगळं मी तंतोतंत पाळलं. वजन भराभर उतरलं, ऑफिसात कौतुक झालं. मग भाद्रपद लागला. गौरी बसल्या, पाहुणे आले, पहाटेपासून ओट्यापाशी उभं राहणं सुरू झालं. गौरी उठल्या त्याच आठवड्यात सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. दवाखाना, जागरणं, डबे. सकाळचा तास काढायचा कुठून? ट्रेनरला फोन केला तर तो म्हणाला, ‘‘मॅडम, खाडा करायचाच नाही. केलेलं सगळं वाया जाईल.’’

आखणीच अशी होती की, तास जमला नाही तर व्यायाम शून्य, आणि भाकरी पोटात गेली तर पथ्य मोडलं. होळीपर्यंत वजन पूर्वीच्याही पुढे गेलं, साखरही वाढली. शिवाय एक नवीनच गोष्ट झाली. बँकेचा जिना चढताना मांड्या भरून यायला लागल्या. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी कारण सांगितलं. पोटाला फार कमी आणि त्यात प्रथिनं अपुरी असली की, चरबीबरोबर स्नायूही झिजतात. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सगळ्यात जास्त उचलतात ते स्नायूच. वजन परत आलं, पण गेलेला स्नायू आपोआप येत नाही. त्याला काम द्यावं लागतं, खायलाही द्यावं लागतं.

त्या कार्यक्रमात चांगल्या दिवसाचं वेळापत्रक होतं, वाईट दिवसाचं काहीच नव्हतं. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीपाशी येतं. खाडा पडणारच आहे. सवय टिकते की सुटते, ते खाड्यानंतरच्या दिवशी ठरतं, आणि त्या दिवसाची तयारी आधी करून ठेवता येते.

याला आधारही आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर अभ्यास केला. तो 2010 साली प्रसिद्ध झाला. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण माणसामाणसांत फरक 18 ते 254 दिवसांचा होता. 21 दिवसांत सवय लागते असं आपण ऐकत आलो, ते तितकं खरं नाही. त्याच अभ्यासात असंही दिसलं की, एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. ‘सगळं वाया जाईल’ हे मला सांगितलं गेलं होतं, ते चुकीचं होतं.

व्यायामाची तीन मापं ठेवा

जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली प्रौढांसाठी सांगितलेला हिशोब आठवड्याचा आहे. मध्यम श्रमाचा व्यायाम आठवड्याला 150 ते 300 मिनिटं, आणि स्नायूंना ताकद देणारा व्यायाम किमान दोन दिवस. आठवड्याचा हिशोब म्हटला की, मंगळवारी राहिलेलं शनिवारी भरून काढता येतं.

माझी तीन मापं आहेत. मोठं माप म्हणजे तळजाईच्या टेकडीवर पाऊण तास झपाझप चालणं. बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग. मधलं माप म्हणजे जेवणानंतर पंधरा मिनिटं गच्चीवर किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या. जेवणानंतर चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर लगेच वापरू लागतात, म्हणून हे माप दिसायला लहान असलं तरी साखरेसाठी फार मोलाचं आहे. पावसाळ्यात टेकडीवर चिखल झाला की, मी आपोआप या मापावर येते.

सगळ्यात लहान माप कुकरच्या तीन शिट्ट्यांचं. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. पायांत खांद्यांइतकं अंतर, हात छातीवर दुमडलेले. हाताचा आधार न घेता उठायचं आणि बसताना धपकन न बसता सावकाश बसायचं; ताकद त्या सावकाश बसण्यातून येते. मग ओट्याच्या कडेला तळवे टेकवून, दोन पावलं मागे सरून, पाठ सरळ ठेवून छाती ओट्याकडे न्यायची आणि परत ढकलायची. शेवटी ओटा धरून टाचा उचलायच्या. ज्या दिवशी काहीच शक्य नाही, त्या दिवशी एवढं करायचं. सूर्यनमस्कार येत असतील तर उत्तमच. फक्त रथसप्तमीला एकदम 108 घालून आठवडाभर आखडून बसण्यापेक्षा रोज पाच घातलेले बरे.

भाकरी ठेवा, ताट बदला

जे जन्मभर सोडता येणार नाही, ते तीन महिने सोडून उपयोग नाही. मी भाकरी परत आणली आणि ताटाची डावी बाजू वाढवली. आपल्याकडे कोशिंबीर चमचाभर वाढतात; ती वाटीभर केली. भाजी पूर्वीच्या दुप्पट. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांतही अर्धं ताट भाज्या-फळांचं असावं, असंच सांगितलं आहे. भात वाढायला डाव काढून टाकला, आता मोजून एक वाटी.

प्रथिनांकडे शाकाहारी घरात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण 0.8 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅमच्या जवळपास. 30 ग्रॅम कोरड्या डाळीतून किंवा मूठभर शेंगदाण्यांतून 7 ग्रॅमच्या आसपास मिळतात, एका अंड्यातून 6. पातळ वरणाच्या एका वाटीवर भागत नाही, हे यावरून दिसेल. मटकीची किंवा मुगाची उसळ, पिठलं, दही, ताक यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवंच. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

चहाचाही हिशोब मांडून बघा. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे 30 ग्रॅमच्या वर साखर नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घेतलेली सगळी साखर मिळून 25 ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. एकदम बंद करायला जाऊ नका. अर्धा चमचा कमी करा, जीभ रुळली की आणखी अर्धा.

उरलेलं अन्न आणि उपास

रात्री सगळ्यांची जेवणं झाली की पातेल्यात दोन घास भात, अर्धी पोळी, तळाशी थोडी भाजी राहते. सासूबाई म्हणायच्या, ‘‘अगं, एवढंसं तर आहे, संपवून टाक. अन्न टाकू नये.’’ अन्न टाकू नये हे शंभर टक्के खरं. पण पोट भरल्यावर रोज रात्री ते दोन घास आपल्याच ताटात येत असतील, तर वर्षाकाठी केवढं होतं याचा विचार करा. मी फ्रिजमध्ये एक छोटा डबा या कामासाठीच ठेवला. उरलेलं त्यात जातं. सकाळी भाताला फोडणी मिळते, पोळीचा कुस्करा होतो. सासूबाईंनाही ते पटलं, आणि आता त्याच विचारतात, ‘‘डब्यात टाकलंस ना गं?’’ स्वयंपाक मोजून करायचीही सवय यातूनच लागली.

उपासाला साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्टमय, प्रथिनं नावाला. उपास करायचाच तर वऱ्याचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, ताक हे बरं. साखरेची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करूच नये. साखर एकदम खाली जाणं हे वाढण्यापेक्षाही तातडीचं संकट असतं.

कॅलेंडर आधी वाचा

जानेवारीत भिंतीवर कालनिर्णय लागलं की मी पेन घेऊन बसते. कोणत्या महिन्यात खाडा पडणार, हे बहुतेक आधीच ठाऊक असतं. मार्च एंडिंग, मुलांच्या परीक्षा, लग्नसराई, गौरी-गणपती, दिवाळी. त्या दिवसांवर खूण करून ‘लहान माप’ असं लिहून ठेवते. लहान माप ठरवून केलं की, ते हार वाटत नाही.

सणाचं खाणं सोडायची गरज नाही. मोदक जेवणातच घ्यावा, आणि त्या दिवशी भात कमी. दिवाळीत नुकसान होतं ते चार दिवसांच्या फराळानं नव्हे. डबे पुढे पंधरा दिवस टेबलावर राहतात आणि येता-जाता चकलीचा तुकडा तोंडात जातो, त्यानं होतं. फराळ अर्धा करा, वाटून टाका, उरलेला डबा वरच्या फळीवर ठेवा.

परत येताना

सलग दोन दिवस खाडा नको, हा माझा नियम. पहिल्या दिवशी राहिलं तर दुसऱ्या दिवशी लहान माप तरी करायचंच. खाडा मोठा असेल, आजारपण असेल, तर पूर्वी जितकं करत होतो त्याच्या निम्म्यानं सुरुवात करायची आणि आठवड्या-आठवड्यानं वाढवायचं. चुकलेलं भरून काढायच्या नादात एकदम जास्त चालल्यानं टाचा धरतात. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येऊ लागली, तर चालणं कमी करून इलाज करा, दामटू नका. व्यायाम करताना छातीत दडपण आलं, दम लागला, चक्कर आली तर तिथेच थांबून ताबडतोब डॉक्टर गाठा. मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री तळपाय उजेडात बघावेत.

एवढ्याशा प्रयत्नानं काय होणार, असं वाटेल. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीयांवर केलेला अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. नेहमीसारखंच राहणाऱ्यांपैकी 55 टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार आणि चालणं यांत बदल करणाऱ्यांत हे प्रमाण 39.3 टक्के होतं. धोका पूर्ण गेला नाही, पण कितीतरी माणसं वाचली. माझी साखर आज उंबरठ्याच्या अलीकडे आहे, आणि बँकेचा जिना मी न थांबता चढते. ती पुढेही तशीच राहील याची हमी नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणी करते.

तुम्ही आज एवढंच करा. तुमच्या कॅलेंडरवर पुढचा खाडा कुठे आहे ते शोधा. त्या दिवशी जमेल असं, लाज वाटावी इतकं लहान माप ठरवा आणि घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा. मोठं माप नंतरही ठरवता येईल, हे मात्र आधी ठरवा.