फ्लॅश कॅमेऱ्यावरून खाली उतरवा: लॉनवरच्या लग्नासाठी वायरलेस फ्लॅशचा पहिला धडा



"भाऊ, मोबाईलात बी मस्त फोटो येते, मंग तुमाले कायले पैसे द्याचे?"

अमरावती-अकोल्यात लग्नाच्या ऑर्डर घेणाऱ्या प्रत्येक नव्या फोटोग्राफरने हा प्रश्न कधी ना कधी ऐकला आहे. यावर बहुतेक जण एकच उपाय शोधतात: हप्त्यावर महागडा कॅमेरा. माझं म्हणणं वेगळं आहे. आहे तोच डीएसएलआर ठेवा आणि आधी फ्लॅश कॅमेऱ्यावरून खाली उतरवा. व्हिडिओत आपण हे करून पाहिलं, आता तेच नीट लिहून देतो.

लॉनवर अडचण कुठे येते?

मंगल कार्यालयात फ्लॅशचं तोंड पांढऱ्या छताकडे केलं की उजेड छतावर आपटून मऊ होऊन खाली येतो. पण आपल्याकडे आता बरीच लग्नं आणि रिसेप्शन संध्याकाळी लॉनवर होतात. वर मोकळं आकाश! उजेड वर जातो तो परत येतच नाही. मग आपण फ्लॅश सरळ नवरा-नवरीच्या तोंडावर मारतो. चेहरे सपाट, कपाळ चमकलेलं, शालूची जर पांढरी फटक आणि मागची सगळी सजावट काळोखात. असा फोटो मोबाईलवालाही काढतो.

तोच फ्लॅश स्टँडवर लावून बाजूने मारला की चेहऱ्याला एक उजळ आणि एक सावलीची बाजू मिळते. नाक-डोळे उठून दिसतात, दागिन्याची घडण दिसते. गिऱ्हाईकाला कारण सांगता येत नाही, पण फरक लगेच दिसतो. तुम्ही विकता ती गोष्ट हीच.

फ्लॅशला निरोप कसा पोहोचतो?

तीन मार्ग आहेत.

१. केबल: स्वस्त आणि खात्रीची. पण लग्नाच्या गर्दीत वायर कोणाच्या तरी पायात येणारच. घरी सरावापुरती ठीक.

२. उजेडाचा इशारा: निकॉन डी७२०० किंवा कॅनन ७००डी, ८०डी अशा काही कॅमेऱ्यांचा स्वतःचा छोटा फ्लॅश दूरच्या फ्लॅशला इशारा देतो. वेगळा खर्च नाही. पण दोघं समोरासमोर दिसायला हवेत. मध्ये माणूस आला किंवा कडक ऊन असलं की इशारा चुकतो.

३. रेडिओ ट्रिगर: कॅमेऱ्याच्या डोक्यावर ट्रिगर, फ्लॅशमध्ये रिसीव्हर. बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. खांबाआडूनही काम करतात. धंद्यासाठी हाच घ्या.

खरेदीआधी एक गोष्ट लक्षात ठेवा. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क-२ या कॅमेऱ्यांच्या हॉट-शूमध्ये मधली गोल पिनच नाही. साधे ट्रिगर त्यावर चालत नाहीत. म्हणून आपला कॅमेरा दुकानात न्या, ट्रिगर लावून दहा फोटो काढा, मगच पैसे द्या. ऑनलाइन घेणार असाल तर आपलं मॉडेल चालतं का ते आधी विचारा.

पहिली सेटिंग

ट्रिगर आणि फ्लॅश दोन्हीवर चॅनल एकच ठेवा. दोन फ्लॅश असतील तर एकाला 'ए' ग्रुप, दुसऱ्याला 'बी' ग्रुप द्या. म्हणजे दोघांची पॉवर कॅमेऱ्याजवळूनच वेगवेगळी बदलता येते. शेजारी दुसरा फोटोग्राफर त्याच चॅनलवर असेल तर त्याच्या क्लिकवर तुमचा फ्लॅश उडेल. तेव्हा चॅनल बदला.

आता कॅमेरा मॅन्युअलवर: शटर १/१६०, अ‍ॅपर्चर एफ ५.६, आयएसओ ८००. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. त्यात फक्त मागची लायटिंग पाहा. ती थोडी गडद दिसली तर चालेल. मग फ्लॅश १/१६ पॉवरवर सुरू करा. चेहरा काळा आला तर १/८, जास्त उजळला तर १/३२.

हे दोन नळ आहेत असं समजा. फ्लॅशचा उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास येऊन संपतो. त्यामुळे शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तरी फ्लॅशचा उजेड वाढत नाही, फक्त मागची लायटिंग वाढते. म्हणजे मागचा उजेड शटरने, चेहऱ्याचा उजेड फ्लॅशच्या पॉवरने. अ‍ॅपर्चर आणि आयएसओ मात्र दोन्ही नळ एकदम उघडतात.

अंतराचं गणित

फ्लॅशचं अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा नाही, पाव होतो. स्टँड दीड मीटरवरून तीन मीटरवर नेला तर १/१६ ची पॉवर १/४ करावी लागेल. घरच्यांच्या तीन रांगांच्या फोटोत हे फार कामी येतं. फ्लॅश जवळ असला की पुढची आत्या पांढरी आणि मागचे काका काळे. फ्लॅश लांब नेऊन पॉवर वाढवा, रांगांमधला फरक कमी होईल.

काळा पट्टा: चूक छोटी, नुकसान मोठं

अकोल्याच्या बॅचमधला एक मुलगा नवा ट्रिगर घेऊन थेट लग्नाला गेला. हारांच्या वेळी शटर १/५०० वर होतं. जवळजवळ प्रत्येक फोटोत खाली काळा पट्टा. हार काही पुन्हा घालता येत नाहीत! त्याला अर्धे पैसे सोडावे लागले आणि त्या घरचं पुढचं बारसंही गेलं.

कारण साधं आहे. शटरचे दोन पडदे असतात. ठराविक वेगापलीकडे सेन्सर एका क्षणी पूर्ण उघडा नसतोच. या मर्यादेला सिंक स्पीड म्हणतात. कॅनन १५००डी आणि निकॉन डी५६०० साठी ती १/२००, निकॉन डी७५०० साठी १/२५०. रेडिओ ट्रिगरवर थोडी खाली, म्हणजे १/१६० वरच राहा. चिखलदऱ्याला दिवसा प्री-वेडिंग करताना जास्त वेग लागला तर 'हाय स्पीड सिंक' असलेला फ्लॅश आणि ट्रिगर लागतो. त्यात फ्लॅशची ताकद बरीच कमी होते, म्हणून स्टँड जवळ आणावा लागतो.

मांडवातली काळजी

- स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी किंवा पाण्याची कॅन ठेवा. लॉनवर वारा असतो आणि लेकरं धावतात.
- मेमध्ये अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. फुल पॉवरवर सलग मारा केला की फ्लॅश तापून थांबतो. १/८ किंवा १/१६ वर काम करा. सेलही टिकतात.
- प्रत्येक फ्लॅशमागे चार्ज होणाऱ्या सेलचे दोन संच ठेवा. मंगलाष्टकं सुरू होण्याआधी सेल बदला, संपल्यावर नाही.
- पिवळ्या हॅलोजनखाली फ्लॅश निळसर दिसतो. फ्लॅशवर नारिंगी जेल लावा आणि व्हाइट बॅलन्स ३२०० केल्व्हिनच्या आसपास ठेवा.
- वरातीत घोड्याच्या डोळ्यांवर फ्लॅश मारू नका. घोडा बिथरला तर फोटोपेक्षा मोठी भानगड होईल.

आता धंद्याचा हिशोब

समजा दोन मॅन्युअल फ्लॅश, एक ट्रिगर, दोन स्टँड, दोन पांढऱ्या छत्र्या आणि सेल मिळून २०,००० रुपये लागले. आजचे खरे भाव तुम्ही स्वतः विचारून टाका. या कामामुळे एका ऑर्डरमागे १,५०० रुपये जास्त मिळाले तर १४ ऑर्डरमध्ये खर्च निघतो. एका सीझनमध्ये तुमच्या १४ ऑर्डर होत नसतील तर एका फ्लॅशने सुरुवात करा. कर्ज काढू नका.

आणि जास्त पैसे नुसते मागून मिळत नाहीत. एकाच ठिकाणी, एकाच माणसाचे दोन फोटो छापून सोबत ठेवा: एक समोरून फ्लॅश मारलेला, एक बाजूने. भाव सांगण्याआधी ते टेबलावर ठेवा. वरच्या प्रश्नाचं उत्तर तेच देतील. लग्नसराई नसताना हाच संच घेऊन साडीच्या दुकानात जा आणि कॅटलॉगच्या फोटोंचं विचारा. तिथे कापडाचा पोत दाखवायला बाजूचाच उजेड लागतो.

या आठवड्याचा गृहपाठ

रात्री गच्चीवर घरातल्या एकाला उभं करा. १/१६० वर शटर ठेवून स्टँड तीन ठिकाणी लावा: समोर, ४५ अंशावर, पूर्ण बाजूला. प्रत्येक ठिकाणी १/३२, १/१६, १/८ असे नऊ फोटो काढा आणि वहीत लिहून ठेवा. मेनू न शोधता हे नऊ फोटो पाच मिनिटांत काढता आले, की तुम्ही लग्नात फ्लॅश न्यायला तयार. तोवर लग्नात जुन्याच पद्धतीने काम करा. सराव आपल्या गच्चीवर करायचा, लोकांच्या मांडवात नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत!