गळा सोडू नकोस

चारकोप, कांदिवली (पश्चिम)

चि. मुक्ता हिस,


व्हायोलिनमध्ये विशारद झालीस, आनंद झाला. त्याबरोबर तू विचारलेला प्रश्नही मिळाला. बँडवाले बोलावताहेत, स्टुडिओत वाजवायचं काम मिळू शकतं, ओळखीतले दोघे-तिघे आपल्या मुलांना शिकवशील का म्हणून विचारताहेत, आणि या सगळ्यात वेळ पुरत नाही म्हणून गाण्याचा क्लास बंद करावा असं तुझ्या मनात आहे. "सगळं करू की एकच काहीतरी धरू?" असं तू विचारलंस. माझं उत्तर थोडं वेगळं आहे. जमेल तेवढं सगळं कर. फक्त जे सोडायला निघालीस तेच सोडू नकोस.

का, ते सांगते. आपल्याकडे व्हायोलिन आलं परदेशातून, पण हिंदुस्थानी संगीतात ते रुजलं गाणाऱ्यांच्या हातून. पं. गजाननबुवा जोशींचं नाव तू ऐकलं आहेस. त्यांची कारकीर्द नीट बघ. जन्म 1911चा. वडील अंतुबुवा हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य आणि औंध संस्थानचे गायक. म्हणजे ग्वाल्हेरची गायकी घरातच होती. तेवढ्यावर गजाननबुवा थांबले नाहीत. रामकृष्णबुवा वझ्यांकडे शिकले, विलायत हुसेन खाँसाहेबांकडून आग्रा घराण्याची आणि भूर्जी खाँसाहेबांकडून जयपूर घराण्याची तालीम घेतली. तबल्याचं ज्ञान पक्कं होतं. आणि व्हायोलिनवर तर त्यांनी एकल वादनाची वाट पाडली. त्या काळी हे वाद्य मुख्यतः साथीला घेतलं जाई. 1972 साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

एवढी यादी वाचून कुणी म्हणेल, किती गोष्टी केल्या या माणसाने! मला त्यात एकच गोष्ट दिसते. तीन घराणी गळ्यात होती, म्हणून हातात गज आला तेव्हा काय वाजवायचं हा प्रश्नच त्यांना पडला नाही. तबला कळत होता, म्हणून लयीशी खेळता आलं. आणि शिकवायला बसले तेव्हा गाणारे आणि वाजवणारे दोघांनाही देण्यासारखं त्यांच्यापाशी होतं. पं. उल्हास कशाळकर, पद्माताई तळवलकर ही त्यांच्याकडे शिकलेली गायक मंडळी. मुलगा मधुकर जोशी व्हायोलिनवादक. व्हायोलिन वाजवणाऱ्या माणसाने गायक घडवले, हे लक्षात ठेव. 1987 साली बुवा गेले. वडिलांनी 1940 साली औंधला सुरू केलेला संगीत महोत्सव घरच्यांनी आणि शिष्यांनी पुढे चालू ठेवला.

आता हाताकडे ये. व्हायोलिनला पडदे नाहीत. बोट कुठे ठेवायचं हे कान सांगतो, आणि कानाला ते गळा शिकवतो. मींड घेताना बोट किती सावकाश सरकवायचं, कुठल्या स्वराला नुसता स्पर्श करून निघायचं, हे बंदिश म्हणताना आपोआप कळतं. गजाचंही तसंच. बंदिशीचे शब्द तोडून गज फिरवलास तर स्वर बरोबर असूनही ऐकणाऱ्याला ती बंदिश ओळखू येत नाही. माझ्या क्लासमधल्या मुलांना मी आधी अस्थायी म्हणायला लावते आणि मग वाद्य उचलू देते. सेक्टरमधले पालक कुरकुरतात, "मॅडम, गाण्याची फी नाही भरली आम्ही." मी त्यांना सांगते, ही फी त्यातच आली.

पं. डी. के. दातारांचं वादन पुन्हा ऐक. विघ्नेश्वर शास्त्रींकडे ते शिकले, द. वि. पलुस्करांना साथ केली आणि पुढे गायकी अंगाचं एकल वादन ही त्यांची ओळख झाली. पद्मश्री मिळाली 2004 साली. तुझ्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे फिल्म्स डिव्हिजनमध्ये नोकरी करत त्यांनी ही साधना सांभाळली. तेव्हा दादा तुला नोकरीचं विचारतो त्यावर चिडू नकोस. नोकरीने कलावंत लहान होत नाही. सकाळचा रियाज बुडवायला लावणारी नोकरी मात्र घेऊ नकोस.

साथीचं बोलावणं आलं की नाही म्हणू नकोस. एकल वादनाला टाळ्या जास्त, हे मान्य. पण गायकाच्या मागे बसलं की त्याचा पुढचा स्वर कुठे जाणार याचा अंदाज घ्यावा लागतो, मोकळी जागा मिळेल तिथेच भरावी लागते, आणि बऱ्याचदा गप्प बसावं लागतं. गप्प बसणं तुला अजून जमत नाही, हे मी मागच्या गुरुपौर्णिमेला पाहिलं. ते साथीतच शिकशील.

स्टुडिओ आणि सुगम संगीत यांना नाक मुरडणारे तुला भेटतील. त्यांना प्रभाकर जोगांचं नाव सांग. 1955 साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, त्यात बाबूजी म्हणजे सुधीर फडके यांच्या साथीला जोगांचं व्हायोलिन होतं. पुढे 'गाणारं व्हायोलिन' म्हणून महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतलं. 'लपविलास तू हिरवा चाफा' आणि 'स्वर आले दुरुनी' ही त्यांनीच चाल दिलेली गाणी. त्यांच्या व्हायोलिनमधून गाण्याचे शब्द ऐकू येतात असं लोक म्हणत. इथेही मूळ गाण्यातच होतं, हे तुझ्या ध्यानात येईल. स्टुडिओत जायचं तर नोटेशन झटपट वाचता आणि लिहिता यायला हवं; त्याची तयारी आतापासून कर.

बँडचं म्हणशील तर जा, पण डोळे उघडे ठेवून. व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग आपल्या वाईचे. लखनौ आणि पुढे कोलकात्यात राहिले, बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या सनईबरोबर त्यांनी केलेल्या जुगलबंद्या आजही ऐकल्या जातात. दुसऱ्या वाद्याशी बोलायचं तर आपल्यापाशी सांगण्यासारखं काही असावं लागतं. दर कार्यक्रमात त्याच चार ताना फिरू लागल्या, तर समज की शिदोरी संपत आली, आणि सहा महिने बँड बाजूला ठेव.

राहिलं शिकवणं. चार मुलं घेऊन सुरुवात कर, चाळीस नको. चारकोपमध्ये बसून मी हे पाहिलंय की आईवडिलांना प्रवेशिका, मध्यमाची प्रमाणपत्रं लवकर हवी असतात. म्हाडाच्या रो-हाऊसमध्ये भिंतीला भिंत लागून असते, त्यामुळे शेजारच्यांना मुलाचा प्रत्येक बेसूर ऐकू येतो आणि पालकांना घाई होते. त्या घाईला बळी पडू नकोस. मुलाचा हात बसला नसेल तर परीक्षेचा फॉर्म भरू नकोस, पालक क्लास बदलतील तरी चालेल. फी मात्र स्पष्ट सांग आणि वेळेवर घे. संकोच करून कुणाचं भलं होत नाही. आणि शिकवताना जे तुला समजावून सांगता येणार नाही, ते तुला नीट आलेलं नाही असं समज आणि त्याच दिवशी त्याचा रियाज कर. शिकवण्याचा शिकवणाऱ्याला होणारा हा मोठा फायदा आहे.

तेव्हा असं कर. गाण्याचा क्लास आठवड्यातून एकदा का होईना, चालू ठेव. रोज वाद्य उचलण्याआधी त्या दिवसाचा राग तानपुऱ्यावर गा. महिन्यातून एक तरी साथ घे. बाकी बँड, स्टुडिओ, मुलं यांची सोय तुझ्या तब्येतीप्रमाणे लाव. पाच वर्षांनी तू कशी वाजवतेस हे या कामांच्या संख्येवरून ठरणार नाही, तू गाणं किती जपलंस यावरून ठरेल. तुझ्या गाण्याच्या बाईंना आजच फोन कर आणि पुढच्या आठवड्यापासून येते म्हणून सांग.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या