पावसाळ्याआधी टायर बदलावेत का?

प्रश्न : चाकणमध्ये बनलेल्या व्हर्टस जीटीच्या टायरची नक्षी तीन मिलिमीटर उरली आहे. टायर बदलावेत का?

उत्तर : नक्षीची, म्हणजे खाचांची, खोली किमान १.६ मिलिमीटर असावी, असा नियम आहे. मात्र द्रुतगती मार्गावरील पावसाला ती पुरत नाही, कारण उथळ खाचांतून पाणी बाहेर फेकले जात नाही आणि वेगात टायर पाण्यावर तरंगू लागतो. त्यामुळे तीन मिलिमीटरला बदल करणे शहाणपणाचे. २०५/५५ आर १६ या मापासोबत ९१ व्ही हा संकेतही जुळवावा. ९१ म्हणजे टायरमागे ६१५ किलो भारक्षमता, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर वेगमर्यादा. अधिक रुंद टायरचा मोह (हौशी मंडळींना तो हमखास होतो) टाळावा, कारण साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो. दोनच घ्यायचे झाल्यास ते मागे बसवावेत.